आईची अंबाडी आणि पाकिटातली अंबाडी: दोन वेगळी झाडं आहेत का?

गच्चीबाग (चिंचवड)

नमस्कार मंडळी,

जूनच्या अखेरीस मी गच्चीवर अंबाडी लावली. बी दोन ठिकाणचं होतं. एक पुडी आईच्या मावशीने कळमनुरीजवळच्या गावाहून पाठवली होती, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. दुसरं पाकीट इथल्या एका रोपवाटिकेतून आणलं. त्यावर लाल बोंडांचं चित्र आणि 'अंबाडी' एवढंच नाव. मी दोन्ही एकच समजून शेजारी शेजारी पिशव्यांत पेरलं.

आता ऑक्टोबर संपत आलाय आणि दोन्ही झाडं एकमेकांसारखी दिसत नाहीत. मावशीआजीच्या बियांची झाडं सरळसोट माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, आठ फूट तरी असतील. खोडाला बारीक काटे आहेत, हात फिरवला की टोचतात. पानं वरच्या बाजूला बोटांसारखी फाटलेली. शेजारच्या काकांनी कठड्यावरून बघून "हे भांगेचं झाड तर नाही ना?" असं विचारलं. फुलं पिवळसर, मधोमध गडद जांभळा डोळा. ती सप्टेंबरपासून येत आहेत, पण लाल बोंड एकही नाही. फूल गळल्यावर केसाळ, कोरडं काहीतरी उरतं.

पाकिटातली झाडं बुटकी आणि पसरट आहेत, माझ्या छातीपर्यंत. देठ लालभडक, खोड गुळगुळीत. फुलं आत्ता कुठे सुरू झालीत, आणि फूल गेल्यावर खालचा भाग लाल होऊन फुगतोय.

आई गेल्या आठवड्यात आली होती. लाल झाडाचं पान चावून म्हणाली, "ही आपली अंबाडी नव्हे." उंच झाडाच्या खोडावरून हात फिरवून म्हणाली, "ही." मी पाकीट दाखवलं तर म्हणाली, छापणाऱ्याला काय माहीत.

तर खरी अंबाडी कोणती? दोन्हींची भाजी चालते का? उंच झाडाला बोंडं येणारच नाहीत की माझं काही चुकतंय? आणि दोन्ही शेजारी लावल्यामुळे बी भेसळ झालं असेल का? मावशीआजी आता ऐंशीच्या पुढे आहे, ती पुढच्या वर्षी बी पाठवू शकेल असं नाही. त्यामुळे हे बी मला शुद्ध ठेवायचं आहे.

---

कयाधूकाठ (जि. हिंगोली)

दादा, तुमचा प्रश्न वाचून सकाळचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी कयाधू नदीच्या काठी शेती करते. लग्नाआधी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं, १९९१ साली या गावात सून म्हणून आले, आणि कॉलेजात कागदावर चिकटवलेली अंबाडी इथे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी दिसली. म्हणून या दोघींबद्दल मला जरा जास्त बोलावंसं वाटतं.

पाकीटवाल्याने तुम्हाला फसवलेलं नाही. आईचंही बरोबर आहे. मराठीत 'अंबाडी' हे नाव दोन झाडांना आहे. तुमचं उंच काटेरी झाड म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस. लाल, पसरट झाड म्हणजे हिबिस्कस सब्दारिफा, त्याला लाल अंबाडी म्हणतात, इंग्रजीत रोझेल. दोन्ही जास्वंदीच्याच वंशातल्या, दोघींचं मूळ आफ्रिकेत, आणि दोघींना शास्त्रीय नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानेच दिलं: लालला १७५३ साली, काटेरीला १७५९ साली. कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखी. तुमच्या शेजारच्या काकांना जे वाटलं, तेच या नावातही आहे. काकांना सांगा, निर्धास्त राहा.

आता ओळख. लोक देठाच्या रंगावर जातात, तिथे गफलत होते. काटेरी अंबाडीतही जांभळट खोडाचे वाण असतात आणि लाल अंबाडीतही हिरव्या देठाचे. पानांवरही विसंबू नका. दोघींची खालची पानं अखंड असतात आणि वरची फाटत जातात, काटेरीची जास्त खोलवर. फुलंही दुरून सारखीच: फिकट पिवळी, पोटात गडद डोळा, पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटणारी.

फूल गळू द्या आणि मग खालची वाटी बघा. पुस्तकात तिला निदलपुंज म्हणतात. काटेरीची वाटी कोरडी, राठ केसांची, टोकं लांब निमुळती. ती बोंडाभोवती चिकटून वाळते, मांसल होत नाही. लाल अंबाडीची वाटी फूल गेल्यावर वाढते, जाड होते, रसाने भरते. आपण ज्याला 'लाल बोंडं' म्हणून सरबताला घेतो ती ही वाटी. खरं बोंड, बियांचं, तिच्या आत असतं. वाटीच्या बुडाशी बारीक पट्ट्यांचं एक कडं असतं, तेही बघा. काटेरीत त्या पट्ट्या दोऱ्यासारख्या सुट्या असतात, लालमध्ये जाड होऊन वाटीला चिकटलेल्या. म्हणजे तुमच्या उंच झाडाला लाल बोंडं कधीच येणार नाहीत. तुमचं काही चुकलेलं नाही, ते झाड त्या कामाचंच नाही.

ते ज्या कामाचं आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे सासरे जवारी आणि तुरीच्या कडेने अंबाडीचे दोन-तीन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, धरायचे. बी दाट पडलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. दाट असली की अंबाडी उजेडासाठी सरळ वर जाते, फांद्या करत नाही. फांदी फुटली की तिथे धागा तुटतो. फुलं लागली की कापायची, बियांपुरती चार-सहा झाडं उभी ठेवायची. कापलेल्या पेंढ्या कयाधूच्या डोहात दगडांखाली बुडवायच्या. बारा-पंधरा दिवसांनी साल सुटायला लागते. तो वास सगळ्या गावाला कळायचा. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सोलायचं, आपटून धुवायचं, वाळवायचं. हा वाख. उरलेल्या पांढऱ्या काड्या वर्षभर चूल पेटवायला.

वाख सासऱ्यांकडून मातंग वस्तीतल्या एका बाबांकडे जायचा. दोर वळण्याचं कसब त्या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं. बाबा ढेरा, म्हणजे दोर पिळायचं लाकडी अवजार, फिरवत ओट्यावर बसायचे, आणि पोळ्याच्या आधी आमच्या दोन जोड्यांचे कासरे, वेसणी, दावी सगळं नवं घरी यायचं. त्यांना ज्वारी जायची. अंबाडीचा कासरा हाताला आधी खरखरीत लागतो, महिनाभरात मऊ होतो, आणि बैलाची मान कापत नाही. नायलॉनचा दोर स्वस्त आणि न कुजणारा, मान्य. पण ऊन लागलं की कडक होतो आणि ओढीच्या बैलाच्या मानेचे केस घालवतो. आमच्या घरी शेवटचा वाख २००३ साली निघाला. त्यानंतर डोहात अंबाडी पडली नाही, आणि धुऱ्यावरून ती कधी गेली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

म्हणून तुमच्या मावशीआजीच्या पुडीचं मोल आहे. लाल अंबाडीचं बी दुकानात पाकिटात मिळतं, कारण सरबताला मागणी आहे. काटेरीचं बी आमच्या भागात आता म्हाताऱ्या बायकांच्या गाठोड्यांतच उरलंय.

भेसळीची भीती बाळगू नका. काटेरीत गुणसूत्रं ३६, लालमध्ये ७२, बरोब्बर दुप्पट. त्यामुळे दोघींचा आपसूक संकर होऊन उगवणारं बी धरणं फार अवघड. शिवाय दोन्ही बहुतांशी स्वतःच्याच परागांवर फळतात. भेसळ झाली तर ती डब्यात होते. काटेरीचं बी तिकोनी, राखाडी असतं. लालचं मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी. दोन्ही तळहातावर ठेवून बघा, एकदा पाहिलं की विसरणार नाही.

भाजी दोन्हींची होते आणि दोन्ही आंबट. माझ्या जिभेला काटेरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी सरस. आंबटपणा बेताचा, पाला लवकर शिजतो. लालचा आंबटपणा टोकदार, गूळ जास्त लागतो. तुमच्या आईने चावून जे ओळखलं ते हेच असणार. आमच्याकडं पाला उकडून, पिळून, थोडी तूरडाळ आणि जवारीच्या कण्या घालून रवीने घोटतात. शेंगदाणे, गूळ, मीठ. वरून लसूण आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी, तीही वाढताना ताटात. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ही भाजी लागतेच. एक सांभाळा: कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका, आंबटपणा भांड्याला खातो.

आता फुलं लागलीत म्हणजे काटेरीचा पाला जून झाला असेल. या वर्षी तिला खुडू नका, बियांना राहू द्या.

---

देगलूरहून हैदराबादला

कयाधूकाठ ताई, फार उपयोगी लिहिलंत. पण माझ्या मनात गोंधळ वाढला, म्हणून विचारते. आमच्या देगलूरच्या शेतात आजीची जी अंबाडी होती तिचा देठ हिरवा, खोडाला काटे नाहीत, आणि बोंडं हिरवट पण चांगली जाड. आम्ही लहानपणी तिखट-मीठ लावून खायचो. मग ही कुठली?

इथे हैदराबादला सगळ्यालाच गोंगुरा म्हणतात. भाजीवाली विचारते, एर्र की तेल्ल? म्हणजे लाल की पांढरी. पांढरी म्हणजे हिरव्या देठाची. पचडीला, म्हणजे तिकडच्या चटणीला, लोक लाल मागतात, कारण ती जास्त आंबट आणि तेलात परतली की टिकते. तेलंगणातल्या खेड्यांत याच भाजीला पुंटिकूर म्हणतात. सोलापूरकडच्या माझ्या जावेच्या घरी पुंडी पल्या म्हणतात, तीही ज्वारीच्या कण्या घालून. म्हणजे तुमचीच भाजी, नाव कानडी.

---

फोंड्याहून

मला आधी काहीच उमजेना, कारण आमच्याकडे आंबाडे म्हणजे झाडावरचं फळ. मोठा वृक्ष असतो, फळ हिरवं, आंबट, आत दोऱ्यांची कोय. चवथीला आंबाड्यांचं सांसव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याचं कालवण, करतात. लग्न होऊन लातूरची वहिनी घरी आली आणि तिने "अंबाडी आणा" म्हटलं, तर भावाने पिशवीभर आंबाडे आणून दिले. हे झाड जास्वंदीच्या जवळपासचंही नाही, आंब्याच्या कुळातलं आहे. कोणी गोव्याकडून बी मागवणार असेल तर आधी नीट खुलासा करून घ्या.

---

कयाधूकाठ (जि. हिंगोली)

देगलूरच्या ताई, तुमच्या आजीची ती लाल अंबाडीच, म्हणजे सब्दारिफा, फक्त तिच्यात लाल रंग नाही. वाटी जाड होती आणि तुम्ही ती खात होता, तिथेच उत्तर आलं. म्हणून मी रंगावर जाऊ नका म्हणत होते. 'लाल अंबाडी' हे नावच त्या बाबतीत अपुरं आहे.

तुमच्या प्रश्नामुळे एक राहिलेली गोष्ट सांगते, नाहीतर माझं वरचं लिहिणं अर्धवट राहील. सब्दारिफाचाही एक उंच, न पसरणारा प्रकार असतो, दोरासाठी मुद्दाम लावतात तो. त्याची वाटी मांसल होत नाही आणि खोडही थोडं खरखरीत असू शकतं. तो समोर आला तर काटे आणि वाटी दोन्ही खुणा डळमळतात, तेव्हा बी बघायचं. ताग-बाजारात तर या दोन्ही जातींच्या धाग्याला एकच नाव आहे, मेस्ता. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या बाजूला राहिल्या आणि तागाची पुष्कळ शेती पूर्व पाकिस्तानात गेली. ती तूट भरायला आपल्याकडे मेस्त्याची लागवड वाढवली. आंध्रातल्या भीमुनिपट्टणम बंदरावरून हा धागा जायचा, म्हणून व्यापारी त्याला बिमली जूट म्हणत. त्या नकाशात आमचे धुऱ्यावरचे दोन तास कुठेच नव्हते. ते घरच्या बैलांसाठी होते.

पाणी कमी असेल तिथे लाल जास्त तग धरते, पण तिला दिवस जास्त लागतात. काटेरी चार-सव्वाचार महिन्यांत कापणीला येते, दोरासाठीची लाल सहा महिने घेते. दोघींना फुलोऱ्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात, म्हणून उन्हाळ्यात लावून फुलांची वाट बघणाऱ्यांना नुसता पालाच मिळतो.

---

दुबईहून

इथल्या दुकानांत सुकी लाल बोंडं 'कर्कदे' नावाने पोत्यांनी विकायला असतात, बहुतेक सुदानची. माझ्या कार्यालयातले सुदानी सहकारी रात्री थंड पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी गाळून साखर घालून पितात. उकळलेल्यापेक्षा त्याला तुरटपणा कमी. रमजानात इफ्तारला हेच असतं. दोन वर्षं मी हे कोणतं तरी परदेशी फूल समजून पीत होतो. आई नांदेडहून आली, तिने मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "अरे, अंबाडीची बोंडं."

एक सावधगिरी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे रोज पेलाभर पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. याने रक्तदाब थोडा उतरतो हे तपासण्यांत दिसलेलं आहे, आणि माझ्या वडिलांना डॉक्टरांनी प्रमाण कमी करायला सांगितलं.

---

गच्चीबाग (चिंचवड)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, कयाधूकाठच्या काकूंनी सांगितलं तसं सगळं करून पाहिलं.

काटेरीचं एक पिकलेलं बोंड फोडलं. ते उघड्या हाताने फोडायला नको होतं, बोटांत बारीक केस घुसले आणि तासभर चुरचुरत होतं. आत तिकोनी राखाडी बी. पाकिटात चार-पाच दाणे उरले होते, ते तपकिरी, एका बाजूला खोबण असलेले. दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून फोटो काढला आणि मावशीआजीला पाठवला. तिने फोन केला आणि तिकोनी बियांबद्दल म्हणाली, "हे माझ्या आईच्या घरचं हाय." म्हणजे हे बी आता किती जुनं, हे तिलाही सांगता येईना.

लाल झाडाची पहिली नऊ बोंडं काढली. देठाकडून सुरीने गोल चिरून आतली बियांची कुपी ढकलून काढली, वाट्या चार पेले पाण्यात उकळल्या, गूळ, काळं मीठ, जिऱ्याची पूड. रंग असा आला की मुलीने दोन पेले प्यायले. भांडं घासताना त्यात खायचा सोडा पडला तर उरलेलं पाणी निळसर हिरवं झालं, तेव्हापासून ती तेच करून बघतेय.

दोन शंका उरल्यात. काटेरीच्या एका झाडाचं मूळ उपसून पाहिलं तर त्यावर गाठी आहेत. त्या पिशवीत आधी भेंडी होती. आणि लालच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं काहीतरी आलंय.

---

कयाधूकाठ (जि. हिंगोली)

गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत. भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातल्या, भेंडीच्या मुळांवरचा त्रास मातीत राहतो आणि काटेरीला तो लवकर लागतो. लाल त्यापुढे जरा टिकते. ती माती पसरून कडक उन्हात तापवा, निंबोळी पेंड मिसळा, आणि पुढच्या वर्षी त्या पिशवीत झेंडू लावा. अंबाडी दुसऱ्या पिशवीत.

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आत्ता थोडा असेल तर शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवून टाका, बाकी झाडावर निंबोळी अर्क साबण घालून फवारा. बोंडं काढायच्या आधी आठ दिवस फवारणी थांबवा. लालचे शेंडे खुडल्याने नुकसान नाही. पुढच्या वर्षी तर ती वीतभर झाली की मुद्दामच शेंडा खुडा, फांद्या वाढतील, बोंडं वाढतील. काटेरीचा शेंडा मात्र वाखासाठी ठेवली असेल तर कधीच खुडू नका. भाजीपुरती असेल तर खुशाल खुडा.

बियांचं सांगते. खालची बोंडं आधी पिकतात, ती उकलायच्या आत हातात जाड फडकं धरून खुडा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत बडवा, पाखडा, सुक्या राखेत घालून काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणीवर नाव लिहा, 'अंबाडी' एवढंच नको. हे बी तेलकट असतं, फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ठेवलं तर अर्धंही उगवणार नाही, म्हणून थोडं का होईना, दर मृगाला पेरायला हवं. एकाच बरणीवर विसंबू नका. मूठभर आईकडे द्या, मूठभर मावशीआजीच्या गावातल्या कुणाला तरी परत पाठवा.

आणि जमलं तर मूठभर मला. या जूनला नदीकडच्या धुऱ्यावर दोन तास धरते. ते बाबा आता नाहीत, पण त्यांचा नातू गावातच आहे. ढेरा त्याच्या घरी आढ्याला टांगलेला मी परवाच पाहिला.